विश्लेषण : आवाज यंत्राचा, बँड माणसांचा... ‘व्होकॅलॉइड रॉक’ काय आहे? एआय गाण्यांच्या गदारोळात ते का ऐकावे?

‘द वेल्व्हेट सनडाउन’ हा रॉक बँड २०२५ च्या जून-जुलैमध्ये अचानक स्पॉटिफायवर झळकला आणि पाहता पाहता त्याचे मासिक श्रोते दहा लाखांच्या पुढे गेले. सत्तरच्या दशकाची आठवण करून देणारा गिटारचा नाद, किंचित घोगरा गायक, चार तरुणांची छायाचित्रे. सगळे बेतशीर. फक्त हे चार तरुण कोणी कधी पाहिले नव्हते, कारण ते अस्तित्वातच नव्हते. आरडाओरड झाल्यावर बँडच्या परिचयातच कबुली आली, की ही निर्मिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या साह्याने झाली आहे. तेव्हापासून ‘यंत्राचे गाणे’ म्हटले की फसवणूक, असे समीकरण अनेकांच्या मनात पक्के झाले. मात्र यंत्राच्या गळ्यातून रॉक गाणी करण्याची एक परंपरा जपानमध्ये २००७ पासून चालू आहे. तिथे कोणी कोणाला फसवलेले नाही, आणि आजच्या जपानी संगीतातली काही सर्वात मोठी नावे तिथूनच आली आहेत.

दोन्हींत नेमका फरक काय?

वेल्व्हेट सनडाउनमध्ये गाणे ऐकताना माणसाचे वाटते, पण आत माणूस शोधावा लागतो. व्होकॅलॉइड रॉकचे नेमके उलटे आहे. आवाज पहिल्या दोन सेकंदांत यंत्राचा म्हणून ओळखू येतो. तो लपवायचा प्रयत्नही नसतो. पण त्या आवाजाने म्हणायचे शब्द, त्याची चाल, गिटारची प्रत्येक ओढ आणि बेसची प्रत्येक उडी एखाद्या माणसाने बसून ठरवलेली असते. बहुतेक वेळा एकाच माणसाने, स्वत:च्या खोलीत. गाण्याखाली गायिकेच्या आधी त्याचे नाव असते. अशा संगीतकाराला तिथे ‘पी’ म्हणतात, म्हणजे प्रोड्युसर. श्रोते गायिकेइतकेच, किंबहुना अधिक, या ‘पीं’चे चाहते असतात.

‘सुनो’ किंवा ‘युडिओ’सारख्या एआय सेवांना एक ओळ लिहून दिली की पूर्ण गाणे हाती येते. ही यंत्रे कोणाच्या गाण्यांवर शिकली, या प्रश्नावरून बड्या संगीत कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत या दोन्ही सेवांवर दावे गुदरले. २०२५ च्या अखेरीस त्यांतल्या काहींनी समझोते करून परवान्याचा मार्ग धरला. व्होकॅलॉइडमध्ये एक ओळ लिहून काहीच हाती येत नाही. तिथे एका ओळीसाठी रात्र जाते.

यंत्र गाते कसे?

व्होकॅलॉइड हे यामाहा कंपनीचे तंत्रज्ञान. बार्सिलोनातील पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठाबरोबर २००० मध्ये सुरू झालेल्या संशोधनातून ते घडले आणि २००४ मध्ये त्यावरचे पहिले आवाज बाजारात आले. फारसे कोणी विचारले नाही. चित्र बदलले ते ३१ ऑगस्ट २००७ रोजी. साप्पोरो शहरातील ‘क्रिप्टन फ्युचर मीडिया’ या कंपनीने ‘हात्सुने मिकु’ हा आवाज विक्रीला आणला. खोक्यावर दोन लांब निळ्या-हिरव्या शेपट्यांची सोळा वर्षांची मुलगी होती. आत मात्र संगणकात टाकायचे सॉफ्टवेअर होते.

मिकुचा आवाज साकी फुजिता या व्यावसायिक व्हॉइस अभिनेत्रीचा. तिने गाणी म्हटली नाहीत. अर्थहीन अक्षरांच्या लांबलचक माळा ठरावीक सुरांत उच्चारल्या. त्या ध्वनिमुद्रणातून एका उच्चारातून दुसऱ्यात जातानाचे बारीक तुकडे कापून साठवले गेले. वापरणारा पडद्यावर प्रत्येक सुरासाठी एक पट्टी काढतो, पट्टीवर अक्षर लिहितो आणि संगणक हवे ते तुकडे उचलून, त्यांचा सूर बदलून, सांधून दाखवतो.

एवढ्यावर सोडले तर जे ऐकू येते ते रेल्वे स्थानकावरील उद्घोषणेपेक्षा फार बरे नसते. म्हणून खरे काम यानंतर सुरू होते. सूर कुठे किंचित खालून चढवायचा, कंप कधी सुरू करायचा, श्वासाचा आवाज कुठे घालायचा, व्यंजन किती आधी सुटायला हवे, हे सगळे हाताने आखावे लागते. जपानी संगीतकार या कामाला ‘चोक्यो’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ प्राण्याला वळण लावणे. एकाच सॉफ्टवेअरमधली मिकु दोन संगीतकारांकडे दोन वेगळ्या मुलींसारखी ऐकू येते ती याच कामामुळे.

जपानी भाषेलाच हे इतके का मानवले?

याचे उत्तर मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण ते बाराखडीत आहे. जपानी अक्षरांचा ‘गोजूओन’ तक्ता आ-इ-उ-ए-ओ या पाच स्वरांवर उभा आहे आणि त्याखाली का, सा, ता, ना अशा ओळी येतात. हा क्रम सिद्धम लिपी आणि संस्कृत वर्णव्यवस्था शिकणाऱ्या बौद्ध अभ्यासकांमार्फत जपानमध्ये रुजला, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो. जपानीत जोडाक्षरे जवळपास नाहीत. बहुतेक अक्षरे व्यंजन अधिक स्वर अशी सुटसुटीत. त्यामुळे एका सुरपट्टीसाठी जपानीला साधारण ५०० ध्वनिजोड्या पुरतात, तर इंग्रजीला सुमारे २५०० लागतात. सांधे कमी, म्हणून खडखडाटही कमी.

रॉकशी नाते कसे जुळले?

वरवर पाहता ही जोडी विजोड आहे. रॉकचा सगळा भर गळ्यावर, म्हणजे त्याच्या थकण्यावर, फाटण्यावर, धाप लागण्यावर. मिकुला फुप्फुसेच नाहीत. तिचा आवाज पातळ, वरच्या पट्टीचा, किंचित धातूसारखा. पण गिटारचा विकृत केलेला जाडजूड नाद मधल्या सुरांची जागा व्यापतो, तेव्हा भरदार मानवी आवाज त्यात बुडू शकतो. मिकुचा बारीक आवाज मात्र त्यावरून सुरीसारखा निघून जातो. खोलीत बसून ध्वनिमिश्रण करणाऱ्या हौशी संगीतकारांना ही सोय लवकर लक्षात आली.

दुसरे कारण सामाजिक. गिटार येते, गाणी सुचतात, पण बँड जमत नाही किंवा स्वत:चा आवाज आवडत नाही, अशा मुलांची संख्या कुठल्याही देशात कमी नसते. मिकु ही त्यांना मिळालेली कधीही न दमणारी, तालमीला न चुकणारी गायिका होती. डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेले ‘निकोनिको’ हे व्हिडीओ संकेतस्थळ त्यांचे व्यासपीठ झाले. एकाने गाणे टाकायचे, दुसऱ्याने चित्र काढायचे, तिसऱ्याने ते स्वत:च्या गळ्याने गाऊन पुन्हा टाकायचे. क्रिप्टनने बिगर-व्यापारी वापराला मोकळीक दिल्याने ही साखळी तुटली नाही.

आणि तिसरे कारण गाण्यांच्या आतले. जो आवाज ओरडू शकत नाही त्याला ओरडण्याचे शब्द दिले, की एक विचित्र ताण तयार होतो. या प्रकारातली उत्तम गाणी त्या ताणावर जगतात.

सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी?

ज्यांना हा आवाज पहिल्या झटक्यात बोचेल, त्यांनी ‘सुपरसेल’ गटाच्या र्यो या संगीतकारापासून सुरुवात करावी. डिसेंबर २००७ चे ‘मेल्ट’ हे गोड पॉप-रॉक. मिकु ही स्वत:विषयी गाणारी गंमतीशीर बाहुली न राहता कोणा सामान्य मुलीच्या भावना गाऊ लागली, त्या वळणावरचे हे गाणे मानले जाते. २००८ चे ‘ब्लॅक रॉक शूटर’ त्याहून मोठ्या आवाक्याचे. हुके या चित्रकाराच्या एका चित्रावरून र्योने हे गाणे रचले आणि पुढे त्याच नावाने अ‍ॅनिमे झाला. चित्रावरून गाणे आणि गाण्यावरून मालिका, हा उलटा प्रवास इथे पुढेही दिसत राहिला.

पण व्होकॅलॉइड रॉकला स्वत:चा असा नाद दिला तो वोवाका या संगीतकाराने. मिकुच्या अधिकृत परिचयात तिला सोयीचा वेग मिनिटाला ७० ते १५० ठोके असा दिला आहे. वोवाकाने ती मर्यादा धाब्यावर बसवली. फेब्रुवारी २०१० चे ‘रोलिंग गर्ल’ ऐकताना आधी पियानो आणि ड्रम्स एकमेकांच्या मागे लागल्यासारखे धावतात, मग गिटार येते, आणि मिकु श्वास न घेता शब्दांचा मारा करत राहते. गाण्यातली मुलगी पुन:पुन्हा कोलमडते आणि पुन्हा प्रयत्न करते. कोणीतरी तिला ‘झाले का?’ असे विचारत राहते. इथे न थांबणारे यंत्र ही सोय राहत नाही, तोच गाण्याचा विषय होतो. मानवी गायिकेने हेच गायले असते तर तिच्या धाप लागण्याने श्रोत्याला सुटका मिळाली असती. मिकु ती सुटका देत नाही.

त्याचे २०११ चे ‘अनहॅपी रिफ्रेन’ अधिक वेगवान आणि गिटारच्या दृष्टीने अधिक चमकदार आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते गोंधळात टाकू शकते. ‘रोलिंग गर्ल’ दोनदा ऐकून मग त्याकडे वळलेले बरे.

याच काळात हाची नावाचा एक तरुण स्वत:च चित्रे काढून गाणी टाकत होता. २०१० चे त्याचे ‘मात्र्योश्का’ मिकु आणि गुमी या दोन कृत्रिम आवाजांचे आहे. वाकडीतिकडी गिटार, टाळ्या आणि घाईघाईत वाढलेल्या जत्रेसारखा ताल. वोवाकाचे संगीत धावते, हाचीचे लंगडत नाचते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली तर एकाच यंत्रातून किती वेगळी माणसे बोलू शकतात ते कळते.

नेरु या संगीतकाराचे ‘लॉस्ट वन नो गोकोकु’ (२०१३) मात्र सावध मनाने ऐकावे. ‘हरवलेल्याचा आक्रोश’ असा त्याचा साधारण अर्थ. कागामिने रिन या काहीशा करकरीत आवाजात ते आहे आणि पहिल्या क्षणापासून गिटार अंगावर येते. फळा, गणित, मणिपाटी अशा शाळेतल्या रोजच्या वस्तूंचे प्रश्न विचारता विचारता गाणे मुलाच्या मनाविषयी आणि थेट त्याच्या जिवाविषयी विचारू लागते. दहावी-बारावीच्या टक्क्यांचे वजन ज्या घरांनी अनुभवले आहे, त्यांना यासाठी फार भाषांतर लागणार नाही. या शैलीतली बरीच गाणी नैराश्याविषयी उघड बोलतात. वेगवान चालीमुळे ते लक्षात येत नाही. पालकांनी मुलांच्या हेडफोनमध्ये काय चालले आहे हे विचारताना रागावण्याऐवजी हे गाणे एकदा शब्दार्थासह ऐकावे.

जिन या संगीतकाराचे ‘कागेरो डेझ’ (२०११) उन्हाळ्यातील एका दिवसाच्या चक्रात अडकलेल्या मुलामुलीची गोष्ट सांगते. त्यातून गाण्यांची मालिका, त्याच्याच कादंबऱ्या आणि २०१४ मध्ये अ‍ॅनिमे असा पसारा उभा राहिला. गोष्ट कळली नाही तरी चालते, गिटारची धून पुरेशी आहे.

ज्यांना गोंगाट नको त्यांच्यासाठी एन-बुना आहे. २०१४ चे त्याचे ‘उमियुरी काइतेइतान’, म्हणजे समुद्रलिलीची सागरतळाची कथा, स्वच्छ झंकारणाऱ्या गिटारवर तोललेले आहे. मिकुचा आवाज इथे पाण्याखालून आल्यासारखा मऊ लागतो. या संपूर्ण यादीत मराठी भावगीतांच्या कानाला सर्वात लवकर रुचेल असे हेच गाणे.

पुढच्या पिढीतले ‘शार्ल’ (२०१६) हे बलून या संगीतकाराचे. गायक ‘फ्लॉवर’ हा मुलगा की मुलगी असा प्रश्न पडावा असा, थोडा खरखरीत कृत्रिम आवाज. रॉकसाठी मिकुपेक्षा तो अधिक जवळचा वाटतो. प्रेमभंगाचे गाणे, पण रडवेले नाही. त्याच आवाजातले कायरिकी बेअरचे ‘वेनम’ (२०१८) अतिवेगवान, विखारी आणि व्यसन लावणारे. डेको ट्वेंटीसेव्हनचे ‘घोस्ट रूल’ (२०१६) हे खोटे बोलणाऱ्याचे गाणे. त्याच्या गिटार आणि बेसची जुगलबंदी चांगल्या हेडफोनशिवाय ऐकणे म्हणजे निम्मे गाणे सोडणे.

यादीत शेवटी ठेवावे असे गाणे म्हणजे वोवाकाचे ‘अननोन मदर-गूस’. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी.

हे संगीतकार पुढे कुठे गेले?

हाचीने २०१२ मध्ये स्वत:च्या नावाने, स्वत:च्या गळ्याने ‘डायोरामा’ हा अल्बम काढला. ते नाव केन्शी योनेझु. २०१८ चे ‘लेमन’ आणि ‘चेनसॉ मॅन’ या अ‍ॅनिमेचे ‘किक बॅक’ (२०२२) ज्यांनी ऐकले आहे, त्यांना तो कोण हे सांगायला नको. एन-बुनाने ‘योरुशिका’ हा गट काढला. बलून म्हणजे आजचा गायक केइना सुदा. ‘योआसोबी’तील आयासे हाही व्होकॅलॉइड संगीतकार होता. आणि आदो या गायिकेला रातोरात घराघरांत नेणारे ‘उस्सेवा’ (२०२०) लिहिले स्युदो याने, तोही याच गल्लीतला. भारतातील अ‍ॅनिमेप्रेमी ज्या जपानी गाण्यांवर रील करतात, त्यांतली कितीतरी गाणी कधीकाळी मिकुच्या तोंडी चाली घालून शिकलेल्या माणसांची आहेत.

वोवाकाने ‘हितोरिए’ हा खराखुरा चार जणांचा बँड काढला आणि तो स्वत: गाऊ लागला. यंत्रासाठी लिहिलेला वेग त्याला आता स्वत:च्या फुप्फुसांवर पेलावा लागत होता. २०१७ च्या उन्हाळ्यात मिकुला दहा वर्षे झाली, तेव्हा हाची आणि वोवाका दोघेही अनेक वर्षांनी तिच्याकडे परतले. हाचीच्या ‘सुना नो वाकुसेई’ म्हणजे ‘वाळूचा ग्रह’ या गाण्याने वाद पेटवला. हे सगळे क्षेत्रच आता वाळवंट झाले, असे तो म्हणतो आहे काय, यावर चाहते भांडत राहिले. महिन्याभरात वोवाकाचे ‘अननोन मदर-गूस’ आले. त्याच वेगाचे, पण पूर्वी जिथे दमछाक होती तिथे आता काहीतरी देऊ करणारा हात होता. दीडेक वर्षाने, एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी हृदय निकामी होऊन वोवाकाचे निधन झाले. हितोरिएच्या उरलेल्या तिघांनी बँड मोडला नाही. गिटारवादक शिनोदा आता गातो.

या गाण्यांतला बँड खरा असतो का?

मूळ ध्वनिमुद्रणात गिटार आणि बेस अनेकदा प्रत्यक्ष वाजवलेले असतात. ड्रम्स मात्र बऱ्याच गाण्यांत संगणकावर आखलेले, कारण घरात ड्रम्स वाजवले तर जपानातही शेजारी येऊन दार ठोठावतात. त्यामुळे ‘सगळे वाद्यवृंद खरे’ असा दावा कोणी करू नये. रंगमंचावर चित्र वेगळे असते. मिकु पारदर्शक पडद्यावर प्रकाशाची आकृती म्हणून नाचते आणि तिच्या बाजूला हाडामांसाचे वादक गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स वाजवत असतात. २०१३ पासून दरवर्षी होणाऱ्या ‘मॅजिकल मिराई’ या महोत्सवाचे मोठे आकर्षण हा जिवंत बँडच आहे.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील कोचेला महोत्सवात पारदर्शक पडद्याऐवजी साधा एलईडी पडदा वापरला गेला, तेव्हा चाहते चिडले. गायिका खरी नाही, ही त्यांची तक्रार कधीच नव्हती. ती बँडच्या मध्ये उभी असल्यासारखी दिसली नाही, ही होती.

एआय आल्यावर या आवाजांचे काय झाले?

आवाज सुधारले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या व्होकॅलॉइडच्या सहाव्या आवृत्तीत आणि ‘सिंथेसायझर व्ही’ या स्पर्धक सॉफ्टवेअरमध्ये तुकडे सांधण्याऐवजी यंत्राला गायकाच्या मुद्रणावर शिकवले जाते. कासाने तेतो हे पात्र २००८ मध्ये एप्रिल फूलची थट्टा म्हणून जन्माला आले होते. त्याला २०२३ मध्ये असा नवा आवाज मिळाला आणि गेल्या काही वर्षांत तेतोची लोकप्रियता मिकुच्या शेजारी जाऊन बसली. नवा आवाज माणसाच्या इतका जवळ जातो की अनभिज्ञ श्रोता फसू शकतो. रॉकच्या बाबतीत हा निव्वळ फायदा आहे असे म्हणता येत नाही. ‘रोलिंग गर्ल’ आजच्या गुळगुळीत आवाजात केले असते तर ते अर्धे मेले असते. जुन्या मिकुची खडबडीत धार जाणूनबुजून वापरणारे संगीतकार म्हणूनच आजही आहेत.

तंत्र जवळजवळ एक झाले तरी एक रेषा अजून स्पष्ट आहे. इथे आवाज देणारी व्यक्ती आपला आवाज कशासाठी घेतला जातो आहे हे जाणून ध्वनिमुद्रणाला बसते. साकी फुजिताचे नाव पहिल्या दिवसापासून जाहीर आहे.

ही रेषा जपानमध्येही ओलांडली गेली आहे, आणि तीही याच तंत्रज्ञानाने. १९८९ मध्ये निवर्तलेल्या हिबारी मिसोरा या थोर गायिकेचा आवाज यामाहाच्या एआयने पुन्हा घडवला, तिच्यासाठी नवे गाणे लिहिले गेले आणि २०१९ च्या अखेरच्या रात्री एनएचकेच्या वार्षिक संगीत कार्यक्रमात ते सादर झाले. अनेकांचे डोळे पाणावले. पण ज्येष्ठ गायक-संगीतकार तात्सुरो यामाशिता यांनी हा मृत कलावंताचा अवमान असल्याची जाहीर टीका केली. मिकुवर असा आरोप होत नाही, कारण ती कोणाची जागा घेत नाही.

भारतात आवाजावर हक्क कोणाचा?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला ‘परफॉर्मर’ म्हणून त्याच्या सादरीकरणावर हक्क आहेत. पण नुसता आवाज, म्हणजे गळ्याचा पोत, हा त्या कायद्यातली ‘कृती’ नाही. ही पोकळी सध्या न्यायालये ‘व्यक्तिमत्त्व हक्कां’च्या आधारे भरत आहेत. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची परवानगीविना नक्कल करणाऱ्या एआय साधनांना मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूनेही याच न्यायालयाने तसा आदेश दिला. अमेरिकेतील टेनेसी राज्याने तर २०२४ मध्ये आवाजाला थेट संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे असा कायदा नाही, प्रत्येक गायकाला स्वतंत्रपणे न्यायालयाची पायरी चढावी लागते. अरिजित सिंह किंवा आशाताईंना ते शक्य झाले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या किंवा मालिकांचे डबिंग करणाऱ्या कलाकाराला वकिलाची फी परवडेलच असे नाही, आणि नक्कल करणे तर त्याच्या आवाजाचेही तितकेच सोपे.

परवानगीचा रस्ताही आपल्याकडे चोखाळून झाला आहे. २०२४ मध्ये ए. आर. रेहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गाण्यात बंबा बक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयद्वारे वापरले. कुटुंबीयांची संमती घेऊन मोबदला दिल्याचे त्यांनी स्वत: जाहीर केले. तरीही वाद झालाच, कारण संमती वारसांची होती, गाणाऱ्यांची नव्हती.

मराठी मिकु शक्य आहे का?

व्होकॅलॉइडचे आवाज आजवर जपानी, इंग्रजी, कोरियन, स्पॅनिश आणि चिनी भाषांत आले. भारतीय भाषा त्यात नाही. अडचण तांत्रिक आहे पण दुर्लंघ्य नाही. मराठीत जोडाक्षरे भरपूर, च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार, शिवाय ळ आणि ण. तुकडे सांधण्याच्या जुन्या पद्धतीत ‘ज्योत्स्ना’ हा एक शब्द गाऊन घेताना संगीतकाराच्या नाकी नऊ येतील. एआयवर आधारित नव्या पद्धतीत हे बरेच सोपे होते, कारण यंत्र उच्चारांचे वळण मुद्रणातून स्वत: शिकते. त्यासाठी लागतो एक गायक किंवा गायिका, काही तासांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण आणि एक करार. आवाज कोणत्या कामासाठी वापरता येईल, कोणत्या शब्दांसाठी नाही, विक्रीतला वाटा किती, आणि गाणाऱ्याच्या मृत्यूनंतर संच बाजारात राहील की नाही, ही चार कलमे त्यात आधी लिहावी लागतील.